एवढे निर्णय एकट्या कास्तकाराच्या डोक्यावर कशाला?



आज पिकाचा फोटो नाही. आज जरा भांडायचं आहे. पोस्ट लांब आहे, दुपारी सावलीत बसून वाचा.

हल्ली एक वाक्य सारखं कानावर येते. "शेतकऱ्यानं निर्णयक्षमता वाढवली पाहिजे." शिबिरात हेच, व्हिडिओत हेच, कंपनीच्या पोराच्या तोंडी हेच. फेब्रुवारीत अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. कोणाचा होता ते सांगत नाही, जेवण खाल्लं आहे त्यांचं. तिथल्या सरांनी सांगितलं, सकाळी उठून तीन महत्त्वाचे निर्णय कागदावर लिहा, बाकीचे सोडून द्या, दहा मिनिटं डोळे मिटून बसा, डोक्यावरचा भार कमी होईल. सर चांगले होते, बोलणं गोड. पण मी मागच्या खुर्चीवर बसून एकच हिशोब करत होतो. यातला सोडून देण्यासारखा निर्णय नेमका कोणता? खताचा? मजुरांचा? की रात्रपाळीच्या लायनीचा?

पऱ्हाटीचं एक साल घ्या. आमच्या भागात पाडव्याला सालगडी ठरतो. ठेवायचा की नाही, ठेवला तर त्याचं साल कितीचं, उचल किती द्यायची, हे ठरवेपर्यंत बँकेचा फोन येतो. पीककर्ज भरा, मुदतीत भरलं तर व्याजसवलत. आता ऐका गंमत. मागच्या ऑक्टोबरात नागपूरला आंदोलन झालं आणि सरकारनं सांगितलं, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ. म्हणजे मार्चात भरायचं की जूनपर्यंत थांबायचं? भरलं आणि माफी झाली तर आपण येडे. नाही भरलं आणि माफीत नाव नाही आलं तर व्याज अंगावर, नवीन कर्ज बंद, आणि मिरगाच्या तोंडावर सावकाराच्या दारात. हे आम्ही पाहिलेलं आहे ना बाप्पा. २०१७ च्या माफीत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत, नियमित भरणाऱ्याला पंचवीस हजारापर्यंत. २०१९ च्या योजनेत थकबाकीदाराला दोन लाखापर्यंत, नियमित भरणाऱ्याला पन्नास हजारापर्यंत, तेही २०२२ उजाडल्यावर. आता मला सांगा, हा निर्णय कास्तकाराचा आहे का? निर्णय सरकारचा, तो पुढं ढकलला सरकारनं, अन् झोप उडाली आमची. आणि वरून आम्हालाच सांगता की निर्णय लवकर घ्यायला शिका.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. कास्तकाराच्या डोक्यात जो गोंधळ दिसतो, तो त्याच्या डोक्यातला नाही. दुसऱ्यांनी आपापली जबाबदारी उचलून त्याच्या बांधावर आणून टाकली आहे, तिला 'निर्णय' असं गोड नाव दिलं आहे.

आता सरकीचं पहा. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा वाण होते तीन. दहा वर्षांत परवानगी मिळालेले संकरित वाण हजाराच्या वर गेले. कृषी केंद्राच्या भिंतीवर मे महिन्यात पोस्टर लावायला जागा उरत नाही. एकावर बैलजोडी, एकावर सिंह, एकावर सिनेमाचा हिरो, बोंडाचा आकार नारळाएवढा. ४७५ ग्रॅमचं पाकीट, मागच्या खरिपात सरकारनं बांधलेली कमाल किंमत ९०१ रुपये. आणि आत काय? बीटी-२ म्हणून जे विकते त्या जवळजवळ सगळ्यांत अळीविरुद्धचे जीन तेच दोन. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं त्या दोघांनाही जुमानलं नाही, तेव्हा सगळ्याच पोस्टरवाल्यांची पऱ्हाटी किडली. म्हणजे चाळीस पाकिटांतून एक निवडण्यात मी जो जीव काढतो, त्यातला अळीपुरता भाग तरी निवडच नाही. राहिला कालावधी, बोंडाचं वजन, रसशोषक किडीला सहन करणं, वेचायला सोपं की नाही, हे. हे खरंच महत्त्वाचं आहे. पण ते पोस्टरवर नसते. ते कळायला तोच वाण आपल्याच वावरात दोनतीन सालं पाहावा लागते, आणि तोपर्यंत तो वाण दुकानातून गायब होते. वरून 'चोर बीटी' वेगळीच. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही म्हणून लोक घेतात. बिल नाही, लेबल नाही, उगवली नाही तर तक्रार कोणाकडे करणार?

ही माझ्या एकट्याची कुरकुर नाही. ग्लेन स्टोन नावाच्या अमेरिकन मानववंश अभ्यासकानं आपल्या शेजारच्या वरंगल जिल्ह्यात कित्येक वर्षं कापूस उत्पादकांचा अभ्यास केला, २००७ मध्ये तो छापून आला. बल्लारशाहून गाडीत बसलं की तीनचार तासांत वरंगल. जमीनही तशीच काळी, माणसंही आपल्यासारखीच. त्यांनी पाहिलं ते असं, की कास्तकार दर साली वाण बदलते, गावंच्या गावं एका नावामागं धावतात, दोन सालांनी ते नाव कोणाला आठवत पण नाही. कारण बी दर साली नवं, नाव नवं, पाऊस नवा. अनुभव साचायला वेळच मिळत नाही, मग माणूस शेजाऱ्याकडं पाहून घेते, आणि शेजारी त्याच्याकडं पाहून. त्यांनी याला म्हटलं, शेतकऱ्याचं कसब हिरावलं जाणं. पुढं २०१९ मध्ये अँड्र्यू फ्लॅक्स आणि त्यांनी तेलंगणातच भात, कापूस अन् भाजीपाला हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं, तर तेच कास्तकार भाताच्या बाबतीत कितीतरी जाणते निघाले. म्हणजे डोकं तेच. बाजार वेगळा.

ह्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. सोयाबीन. जेएस-३३५ हा वाण १९९४ चा. आपल्याकडं तो पंधरा-वीस सालं घरच्या बियाण्यावर चालला. कोणाला शिबिराची गरज पडली नाही. सोयाबीनचं बी घरचं चालते, म्हणून त्याची पारख पण घरची होती. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे, आठवड्यानं मोजायचे. सत्तर उगवले तर नेहमीप्रमाणं एकरी तीस किलो, कमी उगवले तर त्या हिशोबानं बी वाढवायचं. हा पण निर्णयच आहे. पण ह्यानं रक्तदाब वाढत नाही, कारण मोजायचं काय ते माहीत आहे आणि मोजणारा मीच आहे.

खताचं विचारू नका. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, हा सरकारी भाव शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. पण जुलैत पऱ्हाटी पिवळी पडायला लागली की दुकानदार म्हणते, युरिया पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या, नाही तर ही गंधकाची पिशवी. लिंकिंग. हे कायद्यात बसत नाही हे त्यालाही माहीत, मलाही माहीत, आणि ज्यांनी तपासायचं त्यांनाही. मग मी ठरवायचं काय? बाटलीला पैसे घालायचे की तीस किलोमीटर दुसऱ्या दुकानात जायचं, तिथं असेल-नसेल? याला निवड म्हणायची लाज वाटते मला.

फवारणी तर रोजची परीक्षा आहे, पेपर दर आठवड्याला बदलते. मोबाईलवर पाच ग्रुप. एकात कोणीतरी पानाचा फोटो टाकते, "भाऊ हे काय आहे?" अर्ध्या घंट्यात सात औषधं. त्यातली चार टाकणारे लोक औषध विकणारे. अन् आपला माणूस घाबरून तीन बाटल्या एकाच टाकीत ओतते, वर टॉनिक, वर स्टिकर. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. नदीपलीकडं वणीकडं आपले सोयरे आहेत, त्या पावसाळ्यात दर फोनला तीच बातमी. तेव्हाही म्हटलं गेलं, शेतकऱ्यानं मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाही. खरं आहे, घातले नाही. पण चार विषं एकत्र कालवायला त्याला कोणी सांगितलं, हे कितीजणांनी विचारलं?

या पेजवर कृषी खात्यातले, विद्यापीठातले साहेब लोक पण वाचतात म्हणून मुद्दाम लिहितो. आर्थिक नुकसानीची पातळी ही तुमच्या शास्त्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आणि तीच तुम्ही आमच्यापर्यंत सगळ्यात कमी पोचवता. गुलाबी अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे, एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर औषध घ्यायचं. नाही तर वीस हिरवी बोंडं तोडून चिरायची, दोनात अळी दिसली तर फवारा, नाही तर घरी जा. तुडतुड्याची पिल्लं पानामागं दोनतीन दिसली तर विचार करा. बस. एवढं ज्याला माहीत, त्याला ग्रुपवर विचारायची गरज नाही. ही पातळी म्हणजे तुम्ही आमच्यासाठी आधीच घेऊन ठेवलेला निर्णय आहे, आम्हाला फक्त मोजायचं आहे. पण आमच्याकडं येणाऱ्या पत्रकात असते काय? 'प्रादुर्भाव आढळल्यास खालीलपैकी कोणत्याही एका कीटकनाशकाची फवारणी करावी' आणि खाली नऊ नावं. नऊ! साहेब, एक सांगा ना. नाही तर पहिलं हे, ते नसेल तर हे, असं तरी सांगा. नऊ नावं लिहून तुम्ही तुमची सुटका करून घेतली, अन् ते पत्रक घेऊन आम्ही त्याच दुकानात गेलो.

आणि जंगलाकाठच्या लोकांचे निर्णय तर कोणत्याच पत्रकात नसतात. रोही आणि रानडुक्कर रात्री येतात, म्हणून जागलीला जावं लागते. लाईट आठवड्याला पाळी बदलून येते, कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून पाणी द्यायला अंधारात जावं लागते. आणि त्याच अंधारात वाघ असते. २०२० च्या ऑक्टोबरात आरटी-१ नावाचा वाघ राजुऱ्याच्या जंगलात पकडला, तोपर्यंत त्यानं किती घरं रडवली ते इथल्या लोकांना सांगायला नको. दिवस पहा कोणते. कापूस फुटायचे. वेचणीला बाया न्यायच्या की नाही? नाही नेल्या तर पावसात कापूस काळा पडते. नेल्या आणि काही झालं तर त्या घरी तोंड कोणत्या तोंडानं दाखवायचं? असे निर्णय घेणाऱ्या माणसाला तुम्ही प्रोजेक्टरवर 'प्राधान्यक्रम कसा लावावा' ते दाखवता.

बायांचं निघालंच तर, घरचे अर्धे निर्णय आपण मोजतच नाही. उद्या वेचणीला कोणत्या बाया, किलोमागं भाव किती द्यायचा, डबा कोण नेणार, पोरीच्या परीक्षेची फी आधी की बचत गटाचा हप्ता आधी, हे सगळं ती ठरवते. आणि चुकलं तर बोलणं पण तिलाच. आमच्या घरी ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, कापसाची नोंदणी, विम्याचा अर्ज, हे सगळं पोरगी करते, कारण ओटीपी तिच्या मोबाईलवर येते. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आली. कल्पना चांगली होती, तलाठ्याच्या मर्जीवर पीक लागायचं ते बंद झालं. पण पूर्वी जी नोंद करायची जबाबदारी पगारी माणसाची होती ती आता माझी. वावरात रेंज नाही, मुदत संपली, नोंद राहिली, मग विमाही अडते आणि सरकारी खरेदीही अडते. दोष कोणाचा? सातबारावर माझं नाव आहे, म्हणजे माझा.

विम्याचं तसंच. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा. विचार करायचं कामच नव्हतं, सगळ्यांनी काढला. २०२५ ला ते बंद, पुन्हा हप्ता, सोयाबीनला दोन टक्के, कापसाला पाच टक्क्यांपर्यंत. आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे माझ्या एकट्याच्या वावरात नाल्याचं पाणी घुसलं तर आता हिशोबात नाही. मग मी कापसाचा विमा काढायचा की नाही? हे ठरवायला मला मंडळाचं उंबरठा उत्पादन पाहिजे, मागच्या सालांचे आकडे पाहिजे. ते कुठं टांगलेले आहेत? कोणाला दिसले असतील तर खाली सांगा.

विक्री राहिलीच. मागच्या साली ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरपर्यंत वाढवलं. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०, बाजारात भाव त्याच्या खाली. सीसीआयला द्यायचा तर ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग ओलावा आठ टक्क्यांच्या आत. बारावर गेला तर घेत नाही. नोव्हेंबरात सकाळी वेचलेल्या कापसाचा ओलावा आठ टक्के? दवात भिजलेलं फडकं पिळून पहा म्हणावं. मग कापूस घरात ठेवायचा तर जागा पाहिजे, उंदीर आहे, आगीची भीती आहे, अंगाला खाज आहे. खाजगीत द्यायचा तर भाव पडलेला. आयातशुल्क काढायचा निर्णय मी घेतला होता का? पण त्याचं उत्तर मला माझ्या घराच्या ओसरीत शोधावं लागलं.

आता कोणी म्हणेल, भाऊ, तुम्हाला मग काय पाहिजे, सरकारनंच सगळं ठरवावं? नाही. हा राजुरा आहे. इथून शेतकरी संघटनेचे वामनराव चटप आमदार झाले, शरद जोशींच्या सभांना बंड्या जुपून गेलेली माणसं अजून पारावर बसतात. आम्हाला स्वातंत्र्याचं महत्त्व शिकवू नका. एकाधिकार कापूस खरेदी आम्ही भोगली आहे. १९७२ पासून कापूस सरकारलाच द्यायचा, दुसरीकडं विकणं गुन्हा. तेव्हा कुठं विकू हा प्रश्न नव्हता, पण चुकारा कधी येईल याचा पत्ता नव्हता, आणि आमच्या भागातला कापूस रात्रीच्या अंधारात आदिलाबादकडं जायचा तो काही हौस म्हणून नाही. त्या दिवसांत परत जायची कोणाची इच्छा नाही. बाजाराचं स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य ही संघटनेची मागणी होती, ती मला आजही पटते.

पण स्वातंत्र्य म्हणजे डोळे बांधून चाळीस पाकिटांसमोर उभं करणं नव्हे. विकणाऱ्याला सगळं माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही, आणि तोटा झाला तर फक्त घेणाऱ्याचा, ह्याला आमच्या गावात जुगार म्हणतात. कंपनीनं वाण बाजारात आणला, तो या मातीत कसा चालला हे सांगायची जबाबदारी तिची नाही. विद्यापीठानं चाचणी घेतली, ती अहवालात गेली. खात्यानं पत्रक काढलं, नऊ नावं. सरकारनं शुल्क काढलं, कर्जमाफी ढकलली. प्रत्येकानं आपापला निर्णय अर्धवट ठेवला आणि उरलेला अर्धा आमच्याकडं सरकवला. बेरीज पाहा किती होते.

आणि ह्या बेरजेनं डोक्याचं काय होते, त्यावरही अभ्यास आहे. तामिळनाडूत ४६४ ऊस उत्पादकांची साधी बुद्धीची चाचणी घेतली होती, एकदा ऊस तुटायच्या आधी हात रिकामा असताना, एकदा ऊस विकून पैसे आल्यावर. २०१३ मध्ये सायन्स या मासिकात ते छापून आलं. माणूस तोच, पण तोडणीच्या आधीच्या चाचणीत तो कमी पडला, नंतर सुधारला. पुतण्यानं मला ते समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यासाठी अभ्यास कशाला, आमच्याकडं सप्टेंबरात कोणाच्याही ओसरीत येऊन बसा. पण बरं झालं केला, निदान आता साहेबांना आकडा तरी दाखवता येते. पैशाची ओढाताण हीच मेंदूची जागा खाते. त्यामुळं 'आधी निर्णयक्षमता वाढवा, मग उत्पन्न वाढेल' हे गाडी बैलाच्या पुढं जुपणं आहे.

आमच्या गावातला एक कास्तकार, सहा एकरवाला, मागच्या सप्टेंबरात आठ दिवस वावरात गेला नाही. दारू पिणारा नाही, आळशी तर नाहीच. रोज सकाळी पंप काढायचा, धुऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. विचारलं तर म्हणे, "दादा, कोणतं औषध मारू ते समजत नाही, आणि काही मारावं असं वाटत पण नाही." गावात लोक हसले. मला हसू नाही आलं. हे लक्षण ओळखा. माणूस लहान लहान गोष्टी ठरवायच्या टाळायला लागला, जेवण कमी झालं, झोप गेली, तर त्याला 'हिंमत ठेव' म्हणून निघून जाऊ नका, बसा त्याच्यापाशी. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आम्ही तिघं त्याच्या वावरात गेलो, वीस बोंडं तोडून चिरली, एकात अळी निघाली. म्हटलं, या आठवड्यात काहीच मारायचं नाही. त्याचा चेहरा पाहायला पाहिजे होता. त्याला औषधाची गरज नव्हती, 'नको' म्हणणारं कोणीतरी पाहिजे होतं.

तेव्हापासून आम्ही अकरा घरं एक गोष्ट करतो. काही मोठी चळवळ नाही. जो निर्णय एकदा घेऊन सालभर पुरतो, तो उन्हाळ्यातच, डोकं थंड असताना, सगळ्यांनी बसून घ्यायचा आणि वहीत लिहायचा. कपाशीचे वाण दोनच, आणि ते निदान तीन सालं बदलायचे नाहीत, मग पोस्टरवर हिरो असो की हिरोईन. तिसरा कोणाला पाहायचाच असेल तर दोन तासं, जास्त नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सरकी टोबायची नाही, शेजारच्यानं टोबली तरी नाही. पाऊस मोजायला पारावर एक सरळ बुडाचा डबा अन् पट्टी ठेवली आहे. फवारणीच्या आधी मोजणी, आणि एका टाकीत एकच औषध. कापूस तीन हिश्शांत विकायचा, पहिला देण्याघेण्यासाठी लगेच, बाकीचे दोन पुढं. भाव चढला तरी फार रडू नाही, पडला तरी फार नाही. हे काही शंभर टक्के बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, दादा लाड पद्धतीवाले म्हणतील लागवडीचं अंतर बदला, ते त्यांच्या जागी ठीक असतील. पण एका सालात वाण पण नवा, अंतर पण नवं, खत पण नवं केलं तर कशानं पिकलं आणि कशानं बुडालं ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

पण हे आम्ही आमच्यापुरतं केलं. यानं खात्याची सुटका होत नाही. माझी मागणी साधी आहे आणि फुकटातली आहे. आपलं कृषी विज्ञान केंद्र सिंदेवाहीला, इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. विद्यापीठाचं संशोधन केंद्र एकार्जुन्याला. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दर आठवड्याला सल्ला काढते, चांगला काढते. हे सगळे मिळून मे महिन्यात राजुरा तालुक्यासाठी एक पान काढू शकत नाहीत का? भारी जमिनीला हे तीन वाण, हलक्या जमिनीला हे तीन, मागच्या साली तालुक्यातल्या कास्तकारांना एकरी एवढा उतारा आला, खर्च एवढा. बाकीच्या पाकिटांबद्दल आमच्याकडं माहिती नाही, असं पण लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि हे पान ॲपमध्ये टाकू नका, कृषी केंद्राच्या दारावर पोस्टरच्या शेजारी चिकटवा. तिथंच विम्यासाठी मंडळाचं उंबरठा उत्पादन लिहा. फवारणीच्या पत्रकात नऊच्या जागी एक नाव लिहा आणि खाली सही करा. सही करायला हात थरथरत असेल, तर कळेल आम्हाला रोज काय वाटते.

सहायक कृषी अधिकारी भाऊ लोकांवर माझा राग नाही. एकेकाकडं कितीतरी गावं, वरून रोज नवीन ॲपमध्ये फोटो टाका, लक्षांक पूर्ण करा. त्यांच्याही डोक्यावर तेच चाललं आहे. म्हणून ही मागणी त्यांच्या वरच्यांना आहे.

येत्या अमावस्येला, जोडी सुटलेली असते त्या दिवशी, संध्याकाळी पारावर बसणार आहोत. मागच्या खरिपाचा हिशोब मांडायचा आहे. ज्यांना यायचं त्यांनी सरकीच्या पाकिटाचं लेबल आणि बिल सोबत आणा, आणि वाणाच्या नावासमोर एकरी किती क्विंटल निघाला ते खरं सांगा, सोयऱ्यांना सांगता तसं नको. वही माझ्याकडं आहे. पेन आपापला आणा.